चित्र महागडं आहे, पण दिसतंय का? काच, दिवे आणि टांगणीच्या साधनांचं परीक्षण

आलिशान घराच्या सजावटीत कलाकृतीकडून एकच मोठी अपेक्षा असते: खोलीत नजर थांबण्याची जागा तिने द्यावी. संगमरवर, व्हीनियरचं पॅनेलिंग, उंची कापड, पितळेच्या पट्ट्या हे सगळं खोलीभर सारखं पसरलेलं असतं. त्यात एखादं चित्र किंवा शिल्पच नजर धरून ठेवतं. मात्र ते काम नीट होतंय की नाही, याचा चित्राच्या किमतीशी फारसा संबंध नसतो. तो निकाल चित्रापुढची काच, चित्रावरचा प्रकाश आणि चित्रामागची भिंत लावतात. घराच्या अंदाजपत्रकात नेमक्या याच गोष्टी सर्वांत शेवटी येतात, तेव्हा पैसेही संपत आलेले असतात आणि वेळही. म्हणून इथे परीक्षण केलं आहे ते या साधनांचं, आणि ती पुरवणाऱ्या सेवांचं. कुठे हात सैल सोडावा आणि कुठे आखडावा, याबद्दल आमची मतं ठाम आहेत.

सुरुवात काचेपासून करू, कारण सर्वांत जास्त फरक तिथे पडतो.

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. दोन पृष्ठभाग मिळून ८ टक्के. हा आकडा किरकोळ वाटतो, पण गडद रंगाचं चित्र स्वतःही जेमतेम तेवढाच प्रकाश परत पाठवत असतं. समोर मजल्यापासून छतापर्यंत खिडकी असेल, तर त्या खिडकीचा ८ टक्के उजेड चित्राच्या उजेडावर सहज मात करतो. पाहणाऱ्याला चित्राऐवजी खिडकी, झुंबर आणि स्वतःचा चेहरा दिसतो. आलिशान घरांत मोठ्या खिडक्या, आरसे आणि चकचकीत फरशी जास्त असल्यामुळे तिथे हा दोष साध्या घरापेक्षा अधिक जाणवतो.

परावर्तन-रोधक लेप असलेल्या काचेत हेच प्रमाण १ टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून खाली येतं. ट्रू व्ह्यू कंपनीची म्युझियम ग्लास, शॉटची मिरोगार्ड आणि ग्रोग्लासची आर्टग्लास ही या वर्गातली परिचित नावं. तिघींचंही दिसणं उत्तम आहे. चित्राच्या मधोमध उभं राहून पाहिलं तर काच आहे की नाही अशी शंका यावी, इतका फरक पडतो. कडेने पाहिल्यावर लेपाची हिरवट किंवा जांभळट झाक दिसते. पांढऱ्या कागदावरच्या बारीक रेखाटनात ती जास्त जाणवते, गडद तैलचित्रात जवळजवळ नाही. जिन्यालगतच्या भिंतीवरचं चित्र लोक चालता चालता तिरकंच बघतात, त्यामुळे तिथे लावायची असेल तर नमुन्याचा तुकडा आधी त्याच भिंतीवर धरून पाहावा.

आता एक सावधगिरी. ‘नॉन-ग्लेअर’ या नावाने विकली जाणारी काच ही वेगळीच वस्तू आहे. तिचा पृष्ठभाग आम्लाने खरवडून खरखरीत केलेला असतो. ती परावर्तन कमी करत नाही, फक्त विस्कटून टाकते. काच चित्राला अगदी लागून असेल तर चालून जातं. पण माउंटमुळे, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीमुळे, ३ मिलिमीटर अंतर पडलं की बारीक रेषा मऊ होतात आणि काळा रंग राखाडी दिसतो. खोल पेटीसारख्या फ्रेममध्ये १ सेंटिमीटर अंतर असेल, तर चित्रावर धुकं पसरल्यासारखं वाटतं. मागणीपत्रात ‘परावर्तन-रोधक’ लिहिलेलं असताना हीच काच येऊन पडते, असं पुष्कळ ठिकाणी घडतं. ओळखणं सोपं आहे. मोबाइलचा टॉर्च काचेसमोर धरा. साध्या काचेत त्याचं पांढरं, ठसठशीत प्रतिबिंब दिसतं. खरवडलेल्या काचेत पांढरा फिसकटलेला डाग दिसतो. लेप असलेल्या काचेत प्रतिबिंब रेखीव पण मंद असतं आणि त्याला रंगाची झाक असते. फ्रेम ताब्यात घेण्याआधी एवढी चाचणी करावीच. आमच्या मते नॉन-ग्लेअर काचेला आलिशान घरात जागा नाही.

दुसरा घोळ अतिनील किरणांबाबत होतो. परावर्तन रोखणं आणि अतिनील किरण रोखणं हे दोन वेगळे गुण आहेत. एकाच कंपनीच्या दोन काचा दिसायला सारख्याच असतात, पण अतिनील किरण अडवण्यात त्यांच्यात मोठं अंतर असू शकतं. म्हणून दरपत्रकात ‘म्युझियम दर्जा’ हे शब्द पुरेसे मानू नयेत, टक्केवारी लिहून घ्यावी. जलरंग, छायाचित्र, छापचित्र, कापड यांसाठी ९९ टक्क्यांची श्रेणीच घ्यावी. ट्रू व्ह्यूच्या म्युझियम ग्लासला अतिनील लेपाची एक ठरलेली बाजू असते आणि ती चित्राकडे असावी लागते. फ्रेम करणाऱ्याने ती उलटी बसवली तर लेप बाहेर येतो आणि रोजच्या पुसण्याने चरे पडू लागतात. काचेसोबत येणाऱ्या खुणा कापताना निघून जातात, त्यामुळे कापणाऱ्याने तुकड्यावर तात्पुरती खूण केली आहे का, हे विचारावं.

आकार मोठा झाला की गणित बदलतं. २.५ मिलिमीटर जाडीच्या काचेचं वजन चौरस मीटरला सुमारे ६.२५ किलो भरतं. १.२ बाय १.८ मीटरच्या चित्रावर नुसती काचच १३.५ किलोची होते. त्याच मापाची, काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकची ३ मिलिमीटर जाड अ‍ॅक्रिलिक शीट पावणेआठ किलोच्या आत राहते. शिवाय अ‍ॅक्रिलिक फुटून चित्रात घुसत नाही. पलंगाच्या उशाशी, मुलांच्या वावरातल्या बोळात किंवा चित्र वरचेवर प्रवास करणार असेल तेव्हा अ‍ॅक्रिलिकच योग्य. काचच हवी असेल तर थर चिकटवून केलेली, म्हणजे लॅमिनेटेड प्रकारची घ्यावी. ती फुटली तरी तुकडे जागच्या जागी राहतात.

साध्या अ‍ॅक्रिलिकचे तीन दोष लक्षात ठेवायला हवेत. एक, ते पुसताना स्थिर विद्युत तयार होते आणि पेस्टल, चारकोल, खडू यांचे सुटे कण चित्रावरून उचलले जाऊन शीटच्या आतल्या बाजूला चिकटतात. दोन, चरे पटकन पडतात. तीन, उष्णतेने ते काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतं. १.८ मीटर लांबीच्या शीटला तापमानात २० अंशांचा फरक पडला, तर ती सुमारे अडीच मिलिमीटर वाढते. फ्रेमच्या खाचेत तेवढी मोकळीक ठेवली नसेल, तर शीट मधोमध फुगते आणि खोलीतली प्रतिबिंबं जत्रेतल्या आरशासारखी वाकडी दिसतात. प्रत्येक बाजूला किमान २ मिलिमीटर मोकळी जागा, हा साधा नियम कारागीर पाळतो का ते पाहावं. ट्रू व्ह्यूच्या ऑप्टियम म्युझियम अ‍ॅक्रिलिकमध्ये परावर्तन, चरे आणि स्थिर विद्युत या तिन्हींवर उपाय केलेला आहे आणि ९९ टक्के अतिनील किरणही अडतात. साध्या अ‍ॅक्रिलिकपेक्षा ते कित्येक पट महाग पडतं. तरीही मोठ्या आकाराच्या मूळ कलाकृतीसाठी आम्ही तेच सुचवू. छोट्या छापचित्रासाठी ती उधळपट्टी ठरेल, तिथे लेप असलेली काच पुरे.

कॅनव्हासवरच्या तैलचित्राला काच लावायची नाही असा प्रघात आहे आणि बैठकीच्या खोलीत तो बरोबरही आहे. पण स्वयंपाकघर आणि जेवणाची जागा एकत्र असलेल्या घरांत तेलाचा सूक्ष्म थर कॅनव्हासवर बसतो, त्याला धूळ चिकटते आणि तो काढायला पुढे संवर्धकच बोलवावा लागतो. अशा जागी परावर्तन-रोधक अ‍ॅक्रिलिक लावावं. मात्र ते रंगाला कुठेही टेकता कामा नये. काच आणि चित्र यांच्यात अंतर राखणारी पट्टी हवीच. छायाचित्राच्या बाबतीत ही पट्टी विसरली गेली तर दमट हवेत जिलेटिनचा थर काचेला चिकटतो, आणि तो सोडवताना छायाचित्र फाटतं.

आता प्रकाश. इथे घोटाळे जास्त होतात, कारण दिव्यांचा आराखडा फॉल्स सीलिंगच्या वेळी ठरतो आणि चित्र कुठे लागणार हे त्यानंतर काही महिन्यांनी.

दिवा चित्रापासून किती अंतरावर असावा याचं गणित सरळ आहे. छताची उंची वजा चित्राच्या मध्याची उंची, गुणिले ०.५८. त्याने प्रकाश उभ्या रेषेशी ३० अंशांचा कोन करून पडतो. छत ३ मीटरवर आणि चित्राचा मध्य १.५ मीटरवर असेल, तर दिवा भिंतीपासून ८७ सेंटिमीटरवर हवा. तो भिंतीच्या जवळ सरकला तर फ्रेमची सावली चित्राच्या वरच्या भागावर पडते आणि कॅनव्हासच्या सुरकुत्या, रंगाचे उंचवटे अवास्तव उठून दिसतात. फार लांब गेला तर बघणाऱ्याची स्वतःची सावली चित्रावर येते आणि वार्निश चमकतं. फ्रेम खोल असेल तर दिवा थोडा मागे, म्हणजे ३५ अंशांपर्यंत न्यावा. जाड थरांत रंगवलेल्या चित्राचा पोत मुद्दाम दाखवायचा असेल तर २५ अंशांपर्यंत पुढे आणावा. बहुतेक घरांत दिव्यांची भोकं भिंतीपासून ३०-४० सेंटिमीटरवर एका ओळीत पाडलेली दिसतात. तो भिंत उजळण्यासाठीचा हिशेब आहे, चित्रासाठी नाही. त्यामुळे ट्रॅकवरचा दिवा, जो सरकवता, वळवता आणि बदलता येतो, तो छतात कायमचा गाडलेल्या दिव्यापेक्षा आम्हाला नेहमीच सरस वाटतो. ट्रॅक नजरेला नको असेल तर छतातल्या खाचेत बसणारा घ्यावा.

झोताचा कोन चित्राच्या आकारावर ठरतो. वरच्याच उदाहरणात दिवा ते चित्र हे अंतर सुमारे १.७३ मीटर होतं. २४ अंशांचा झोत तिथे ७४ सेंटिमीटर रुंदीचं वर्तुळ देतो, ३६ अंशांचा १.१२ मीटरचं. आता हेच चित्र दुहेरी उंचीच्या दिवाणखान्यात लावा, जिथे छत साडेपाच मीटरवर आहे. अंतर ४.६ मीटर होतं. त्याच दिव्याचा प्रकाश सात पटींनी विरळ होतो आणि २४ अंशांचं वर्तुळ जवळजवळ दोन मीटरचं बनतं. चित्रापेक्षा भिंतच जास्त उजळते. तिथे १० ते १२ अंशांचा अरुंद झोत लागतो, आणि शिडीशिवाय दिव्यापर्यंत हात पोचणार नसल्यामुळे लेन्स आधीच नक्की करून ठेवावी लागते. सुटी लेन्स बदलता येणारे दिवे याच कारणासाठी जास्त पैसे देण्याच्या लायकीचे आहेत.

चित्राच्या कडांबरोबर कापलेला चौकोनी प्रकाश देणारे फ्रेमिंग प्रोजेक्टर पहिल्या दिवशी फार प्रभावी दिसतात. चित्र आतून उजळल्यासारखं वाटतं. आमचं मत त्यांच्याविषयी थोडं राखूनच आहे. चित्र दोन मिलिमीटर सरकलं किंवा सफाईच्या वेळी दिव्याला धक्का लागला तरी कड बिघडते आणि भिंतीवर प्रकाशाची पट्टी दिसू लागते. घरात एखाद्याच मुख्य चित्राला तो ठेवावा, आणि दर काही महिन्यांनी जुळवणी करून देण्याची सेवा खरेदीतच धरावी.

फ्रेमच्या वर बसणारा पितळी पिक्चर लाइट हा आलिशानपणाचा ठरलेला दागिना आहे. दागिना म्हणून तो सुंदर दिसतो, प्रकाशाचं साधन म्हणून मात्र कमजोर. वरचा तृतीयांश भाग भगभगीत, खालचा अंधारा, आणि वार्निश केलेल्या किंवा साध्या काचेतल्या चित्रावर दिव्याची आडवी रेघ. वाचनकक्षात, काच नसलेल्या छोट्या तैलचित्रावर तो शोभतो. मीटरभरापेक्षा उंच चित्रावर लावू नये.

रंग खरे दिसण्यासाठी दिव्याचा सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, किमान ९०, शक्यतो ९५ हवा. त्यातही आर९ हा आकडा वेगळा विचारावा. सीआरआयची सरासरी पहिल्या आठ फिकट रंगनमुन्यांवर काढली जाते आणि आर९ म्हणजे गडद लाल रंग त्यात धरलेला नसतो. त्यामुळे एकूण आकडा चांगला असूनही लाल मातकट दिसू शकतो. शेंदरी, किरमिजी, तपकिरी रंगांची चित्रं असतील तर हा दोष लगेच जाणवतो. रंगतापमान, म्हणजे प्रकाश किती पिवळसर की पांढरा याचं माप, २७०० ते ३००० केल्विन ठेवलं तर ते घरातल्या इतर प्रकाशाशी जुळतं. निळसर चित्रांसाठी ३५०० पर्यंत जायला हरकत नाही. प्रकाश कमी करताना आपोआप पिवळट होत जाणारे ‘डिम टू वॉर्म’ दिवे जेवणाच्या टेबलावर छान वाटतात, पण चित्रावर नकोत. रात्री तेच निळं आकाश हिरवट होतं. स्वस्त डिमर आणि एलईडीला वीज पुरवणारा विसंगत ड्रायव्हर यांची जोडी जमली की प्रकाश लुकलुकतो. मोबाइलच्या कॅमेऱ्यात पट्टे सरकताना दिसले तर समजावं. चित्रांच्या दिव्यांना डाली किंवा ०-१० व्होल्टची नियंत्रण पद्धत मागावी आणि त्यांचं सर्किट खोलीच्या इतर दिव्यांपासून वेगळं ठेवावं.

किती प्रकाश द्यायचा, हा प्रश्न दिव्याच्या दर्जापेक्षाही मोठा आहे. एलईडीतून अतिनील किरण नगण्य निघतात, म्हणून चित्र सुरक्षित आहे असं विक्रेते सांगतात. ते अर्धंच खरं. रंग दृश्य प्रकाशानेही उडतो, आणि काचेचा ९९ टक्क्यांचा लेप दृश्य प्रकाश अडवत नाही. अडवला तर चित्रच दिसणार नाही. सीआयई या प्रकाशविषयक आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १५७:२००४ या अहवालात संग्रहालयांसाठी मर्यादा दिल्या आहेत. लक्स हे वस्तूवर पडणाऱ्या प्रकाशाचं एकक, आणि लक्स-तास म्हणजे लक्स गुणिले तास. तैलचित्रांसारख्या टिकाऊ वस्तूंना २०० लक्स आणि वर्षाला ६,००,००० लक्स-तास. मध्यम संवेदनशील वस्तूंना ५० लक्स आणि १,५०,००० लक्स-तास. अति संवेदनशील वस्तूंना ५० लक्सच, पण वर्षाला फक्त १५,००० लक्स-तास. म्हणजे मधल्या वर्गातलं जलरंगचित्र ५० लक्सवर रोज आठ तास वर्षभर ठेवता येतं. नाजूक रंगांचं चित्र मात्र वर्षाला ३०० तासच. आता खिडकीकडे बघा. भर दुपारच्या थेट उन्हात १,००,००० लक्सच्या आसपास प्रकाश असतो. उन्हाचा कवडसा दीड तास मधल्या वर्गातल्या चित्रावर पडला, की त्याचा वर्षाचा कोटा संपला.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण हार्वर्ड विद्यापीठातलं आहे. तिथल्या होलियोक सेंटर इमारतीच्या वरच्या मजल्यावरच्या भोजनकक्षात अमेरिकी चित्रकार मार्क रॉथकोची भव्य भित्तिचित्रं १९६४ मध्ये लागली. खोलीला मोठमोठ्या खिडक्या होत्या आणि रॉथकोने वापरलेल्या किरमिजी रंगात लिथॉल रेड हे प्रकाशात झपाट्याने उडणारं रंगद्रव्य होतं. १९७९ पर्यंत चित्रं इतकी फिकी पडली, की ती काढून अंधाऱ्या कोठारात ठेवावी लागली. २०१४ मध्ये हार्वर्डच्या संग्रहालयाने ती पुन्हा मांडली तेव्हा मूळ रंगाचा भास होण्यासाठी चित्रावर प्रोजेक्टरने हिशेबी रंगीत प्रकाश टाकला होता. चित्रकार मोठा, जागा प्रतिष्ठेची, आणि चित्रं पंधरा वर्षांत गेली. म्हणून लक्स मीटर विकत घ्यावा, तो महाग नसतो. चित्राच्या चार कोपऱ्यांत आणि मध्यात, सकाळी, दुपारी आणि रात्री मोजावं. सर्वांत उजळ आणि सर्वांत अंधाऱ्या भागात तिपटीहून जास्त फरक असेल तर दिव्याचा कोन चुकला आहे. दुपारचा आकडा वर जात असेल तर कितीही चांगला दिवा घ्या, उपयोग नाही. मोटरवर चालणारा पडदा आणि वेळेचं नियंत्रण, हाच त्यावर उपाय.

भिंत आणि टांगणी. जिप्सम बोर्डच्या भिंतीत नुसता प्लग ठोकून २५ किलोचं चित्र टांगणं हा निष्काळजीपणा आहे. भिंत उभी राहत असतानाच बोर्डच्या मागे १८ मिलिमीटरचं प्लायवुड बसवून घ्यावं, साधारण १.२ ते २.४ मीटर उंचीच्या पट्ट्यात. हा खर्च तेव्हा क्षुल्लक असतो, नंतर भिंत फोडावी लागते. संगमरवराच्या किंवा ऑनिक्सच्या भिंतीला भोक पाडूच नये. दगडाच्या मागे बहुधा पोकळी असते आणि ड्रिलच्या हादऱ्याने पॅनेल तडकतं. अशा भिंतीसाठी छताच्या खाचेत लपणारी रेल आणि तिच्यावरून सोडलेल्या पोलादी दोऱ्या ही पद्धत आम्हाला सर्वांत पसंत आहे. चित्र हलवायचं झालं तर भिंतीला ओरखडाही पडत नाही. रेलची वजनक्षमता मात्र स्क्रू कशात बसलेत यावर ठरते. पीओपीच्या छतात बसवलेल्या रेलला पुस्तिकेतला आकडा लागू होत नाही.

फ्रेमच्या मागच्या तारेबद्दल कारागीरही बेफिकीर असतात. एका आकड्यावर, म्हणजे हुकावर, टांगलेली तार आडव्या रेषेशी ३० अंशांचा कोन करत असेल, तर तारेच्या प्रत्येक बाजूवर चित्राच्या वजनाइतका ताण येतो. तार घट्ट ओढून कोन १० अंशांवर आणला, तर तोच ताण वजनाच्या जवळजवळ तिप्पट होतो. तार घट्ट म्हणजे मजबूत, हा समज उलटा आहे. फ्रेमच्या उभ्या पट्ट्या आत खेचल्या जातात आणि कोपऱ्यांचे सांधे उघडतात. १० किलोच्या पुढे तार नकोच. दोन डी-रिंग, म्हणजे फ्रेमच्या मागच्या डी आकाराच्या कड्या, आणि दोन आकडे, किंवा ४५ अंशांत कापलेल्या एकमेकींत अडकणाऱ्या दोन पट्ट्या, म्हणजे फ्रेंच क्लीट, वापरावी. क्लीटवर चित्र कधी तिरकं होत नाही. पाहुण्यांची वर्दळ असलेल्या जागी तळाशी कुलूपवजा स्क्रूही घालावा.

भिंतीची ओल हा शेवटी उघड होणारा दोष. बाथरूमला लागून असलेली भिंत, बाहेरची थंड भिंत, नवं न वाळलेलं प्लास्टर, या तिन्ही जागा टाळाव्यात. टाळता येत नसतील तर फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यांना ५ मिलिमीटरच्या रबरी चकत्या लावून मागून हवा खेळती ठेवावी. भिंतीमुळे कलाकृती हलवावी लागल्याचं प्रसिद्ध उदाहरणही आहे. न्यूयॉर्कच्या सीग्राम इमारतीतल्या फोर सीझन्स रेस्टॉरंटमध्ये पिकासोने १९१९ मध्ये रंगवलेला भव्य नाट्यपडदा १९५९ पासून लटकत होता. मागच्या भिंतीला वाफेच्या गळतीने धोका पोचल्याचं इमारतमालकाने पुढे आणलं, त्यावरून वाद झाला, आणि २०१४ मध्ये तो अतिशय नाजूक झालेला पडदा काळजीपूर्वक गुंडाळून काढावा लागला. पंचावन्न वर्षं तो त्या खोलीची ओळख होता.

उंचीबद्दल थोडक्यात: चित्राचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५२ सेंटिमीटरवर. जेवणाच्या खोलीत लोक बसलेले असतात म्हणून आणखी १० सेंटिमीटर खाली. सोफ्याच्या पाठीपासून फ्रेमपर्यंत १५ ते २० सेंटिमीटर. छत उंच आहे म्हणून चित्र वर चढवू नये.

शिल्पाच्या बाबतीत जमिनीला विचारावं लागतं. ६० बाय ६० सेंटिमीटर तळाचा आणि दीड मीटर उंचीचा भरीव ग्रॅनाइटचा ठोकळा १,४५० किलोच्या वर जातो. म्हणजे चौरस मीटरला चार हजार किलोंचा भार. राहत्या घराचे स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला २०० किलोंच्या आसपास चल भार, म्हणजे माणसं आणि सामानाचा भार, धरून आखलेले असतात. स्ट्रक्चरल इंजिनिअरचा लेखी होकार मिळाल्याशिवाय असं शिल्प मागवू नये. एमडीएफच्या बंद कोनाड्यात ठेवलेल्या शिशाच्या किंवा शिसं मिसळलेल्या ब्राँझच्या वस्तूंवर पांढरी भुकटी चढते, कारण लाकडातून आणि त्यातल्या गोंदातून आम्लाची वाफ निघत राहते. तिथे पावडर कोट केलेला धातू किंवा काच वापरावी.

फ्रेमच्या नक्षीवर आम्ही सर्वांत कमी खर्च करू. तिच्या आत काय आहे यावर जास्त. माउंट पूर्ण सुती हवा. लाकडी लगद्याच्या स्वस्त माउंटची तिरकी कापलेली कड काही वर्षांत तपकिरी होते आणि कागदावर त्याच रंगाची चौकट उमटते. ती चौकट सहजासहजी जात नाही. कागद माउंटला फक्त वरच्या कडेने, जपानी कागदाच्या पट्टीने आणि गव्हाच्या स्टार्चच्या खळीने अडकवलेला असावा. मागून पूर्ण चिकटवलेलं किंवा गरम दाबाने बसवलेलं मूळ चित्र संग्राहकाच्या दृष्टीने किंमत गमावून बसतं. चिकटपट्टी दिसली तर फ्रेम परत करावी.

उरली ती सजावटकारांकडून मिळणारी ‘आर्ट पॅकेज’ सेवा, म्हणजे सगळ्या घरातल्या भिंतींसाठी एकरकमी चित्रं. बहुतेक पॅकेजांत कॅनव्हासवर छापलेली मोठी चित्रं असतात, वरून पारदर्शक जेलचे ब्रशचे फटकारे मारून ती रंगवल्यासारखी केलेली. सोफ्याच्या कापडाशी रंग जुळतो आणि सहा महिन्यांत चित्र दिसेनासं होतं, कारण जे आसपास आहे तेच ते पुन्हा सांगत असतं. तेवढ्याच पैशांत अर्ध्या आकाराचं एक मूळ छापचित्र, नीट फ्रेम आणि नीट प्रकाश मिळत असेल तर आम्ही तेच घेऊ, आणि उरलेल्या भिंती मोकळ्या ठेवू. सेवा घ्यायचीच असेल तर सल्लागाराला शुल्क कोण देतं हे स्पष्ट विचारावं. तुमच्याकडून शुल्क आणि गॅलरीकडून कमिशन, अशी दोन्हीकडून कमाई असेल तर शिफारस त्या नजरेने वाचावी. छापचित्रांचे अनुक्रमांक, आवृत्तीची एकूण संख्या, चित्र ताब्यात घेतानाचा स्थितीअहवाल, काचेचा प्रकार, माउंटचं साहित्य, आणि बसवल्यानंतर मोजलेले लक्सचे आकडे हे सगळं एका कागदावर सहीनिशी मागावं. हा कागद द्यायला जी सेवा कुरकुरते ती आम्ही नापास करू.

लेप असलेल्या काचेवर बोटांचे ठसे साध्या काचेपेक्षा ठळक दिसतात, त्यामुळे सफाईची पद्धत पहिल्याच दिवशी ठरवून द्यावी. द्राव कधीही थेट काचेवर फवारायचा नाही. तो खाली ओघळून फ्रेमच्या खाचेत शिरतो आणि माउंटला डाग पडतो. मऊ मायक्रोफायबर कापडावर अगदी थोडा घ्यायचा आणि कडेपासून मध्याकडे पुसायचं. अ‍ॅक्रिलिकला अमोनिया किंवा अल्कोहोल असलेला काच पुसण्याचा द्राव लागला, तर बारीक तडे जाऊन ते पांढुरकं होतं, आणि तो दोष निघत नाही, शीटच बदलावी लागते. काच नसलेल्या तैलचित्राला ओलं कापड लावायचंच नाही, स्वच्छ, कोरडा, मऊ केसांचा रुंद ब्रश वरून खाली हलकेच फिरवायचा. रंगाचे पापुद्रे सुटताना दिसले तर ब्रशही नको. घराची सफाई जे करतात त्यांना हे एकदा प्रत्यक्ष करून दाखवावं, आणि त्यांच्या साहित्याच्या कपाटात चित्रांचं कापड वेगळ्या रंगाचं ठेवावं.